टॉवर किती मजली ते नंतर बघू, आधी तळमजल्यावर काय आहे?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की मला टॉवरच्या चाळीसाव्या मजल्याची भीती वाटत नाही, तळमजल्याची वाटते, आणि त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादकबाई म्हणाल्या, या वेळी तुमचं नेहमीचं लीकेज आणि सोसायटीची भांडणं राहू द्या बाजूला, एकाच विषयावर उत्तरं द्या. तर या वेळी फक्त जुन्या शहराचं रिडेव्हलपमेंट, उंच इमारती आणि बाजाराचे रस्ते. नावं छापलेली नाहीत, कारण निम्म्या लोकांचं बिल्डरशी बोलणं अजून चालू आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं भाऊबंदांशी.

प्रश्न (ठाकूरद्वार, गिरगाव) : आमची सेस बिल्डिंग (दुरुस्तीचा सेस म्हणजे कर भरणारी जुनी इमारत), चार मजली, पागडीची खोली १६० स्क्वेअर फूट. बिल्डर ४२ मजली टॉवर म्हणतोय आणि आम्हाला ३०० च्या वर कार्पेट देतो म्हणतोय. ५१ टक्के सह्या झाल्या असं कानावर आलंय. मला सही करायचीय, आईला (वय ७८) चाळ सोडायची नाही. माझा प्रश्न साधा आहे, एवढा उंच टॉवर लागतोच कशाला, १५ मजल्यांत भागत नाही का?

उत्तर : नाही भागत, आणि का नाही ते कागद-पेन घेऊन बसलात तर दहा मिनिटांत कळेल. समजा तुमच्या बिल्डिंगमधे ८० भाडेकरू आहेत आणि प्रत्येकाच्या खोल्या तुमच्याएवढ्या, म्हणजे आज सगळे मिळून १२,८०० स्क्वेअर फुटांत राहताय. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे सेस इमारतींच्या पुनर्बांधणीच्या नियमाखाली, प्रत्येकाला कमीत कमी २७.८८ चौरस मीटर, म्हणजे आपले ३०० स्क्वेअर फूट द्यायचेच आहेत, ते झाले २४,०००. ते तुम्हाला फुकट. फुकट म्हणजे कोणीतरी पैसे भरतंय, तो वरच्या मजल्यावर फ्लॅट घेणारा माणूस. मग त्याच्या विक्रीसाठी वेगळा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा), त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा मिळणारं बांधकाम, त्यावर त्या सगळ्यांच्या गाड्या, आणि हे सगळं तेवढ्याच चिंचोळ्या प्लॉटवर. जमीन रुंद होत नाही म्हणून बिल्डिंग उंच होते. शेजारच्या दोन-तीन बिल्डिंगी एकत्र आल्या तर इन्सेंटिव्ह वाढतो आणि ४,००० चौरस मीटरच्या वर प्लॉट जमला तर ३३(९) म्हणजे क्लस्टरमधे ४ एफएसआय, पण तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे एका जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांचं एकमत होत नाही तिथे चार मालक आणि तीन चाळ कमिट्या कधी एकत्र येणार.

आता हा सगळा गुंता कुठून आला ते पण सांगतो, कारण आईशी बोलताना उपयोगी पडेल. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठवली. तेव्हा ते बरोबरच होतं, पण गोठलेलं भाडं वितळलंच नाही, मालकाला महिन्याला शंभर-दीडशे रुपये मिळणार आणि त्यात तो तुमचा सज्जा दुरुस्त करणार, हे होणार नव्हतं. मग सेस लावून सरकारने दुरुस्ती स्वतःकडे घेतली, १९६९ ला हा हिशोब मांडला तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. टेकू लावून लावून किती वर्षं काढणार? ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी बिल्डिंग कोसळली आणि ३३ माणसं गेली. म्हणून ‘जशी आहे तशी चाळ राहू द्या’ हे मला ऐकायला गोड वाटतं पण मी कोणाला सांगत नाही.

सही करा, पण ५१ टक्क्यांत आपलं नाव यावं म्हणून घाईने नको. तुमचा नवा फ्लॅट कोणत्या विंगमधे कोणत्या मजल्यावर, हे नकाशावर नंबर टाकून रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटमधे घ्या. ‘रिहॅब पोर्शन’ (जुन्या भाडेकरूंचा भाग) एवढंच लिहिलं असेल तर थांबा. बाहेर राहायचं भाडं पुढच्या वर्षाचं आधी आणि चेक तारखेनिशी हातात, कारण काम रखडलं की पहिल्यांदा थांबतं ते भाडंच. पुढच्या दहा वर्षांच्या मेंटेनन्ससाठी कॉर्पस, म्हणजे राखीव निधी, बिल्डरने ठेवायचा असं ३३(७) मधेच आहे, ती रक्कम किती आणि कुठल्या खात्यात ते विचारा. आज तुम्ही भाडं म्हणून जे भरता त्याच्या कितीतरी पट तिथे नुसतं लिफ्ट, पंप, जनरेटर आणि वॉचमनचं येतं.

आणि आईचं. माझी मावशी अशाच एका टॉवरमधे गेली, जागेचं नाव सांगत नाही. फ्लॅट छान, संडास घरात, ती पहिले सहा महिने येणाऱ्या प्रत्येकाला संडासच दाखवायची. पण खालचे पाच मजले पार्किंग, रस्त्याला लागून नुसती भिंत आणि दोन गेट, पूर्वी ती गॅलरीतून दोरीने पिशवी सोडायची आणि भाजीवाला त्यात मेथी टाकायचा, आता खाली उतरायचं तर लिफ्ट, लॉबी, वॉचमनची वही, रॅम्प उतरून गेट आणि मग फुटपाथ. तिला गुडघ्यांचा त्रास. तिने खाली जाणं सोडलं. हे काही चाळीस मजल्यांमुळे झालं नाही, त्या पाच मजल्यांमुळे झालं. म्हणून बिल्डरने रंगीत ब्रोशर उघडलं की तुम्ही तळमजल्याचा प्लॅन मागा, रिहॅबच्या लोकांना रस्त्यावरून सरळ दार आहे का ते बघा, आणि आईला शक्यतो पार्किंगच्या वरचा पहिला मजला. गिरगाव मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरपासून चालू झाली आहे, त्यामुळे ‘पार्किंगशिवाय फ्लॅट विकले जात नाहीत’ हे पालुपद पण जरा तपासून घ्यायची वेळ आलीय असं मला वाटतं, पण ते बिल्डरला पटवणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

प्रश्न (रानडे रोड, दादर) : वडिलांच्या वेळचं कपड्याचं दुकान आहे, रस्त्यावर १२ फूट तोंड. रिडेव्हलपमेंटमधे आम्हाला पहिल्या मजल्यावर जास्त जागा देतात, सरकता जिना, एसी, काचेचं फ्रंट वगैरे. मुलगा म्हणतो घेऊया, मॉलसारखं होईल. मला झोप लागत नाही.

उत्तर : तुमची झोप बरोबर उडालीय. दादरला गिऱ्हाईक दुकानात येत नाही, ते स्टेशनवरून चालत असतं आणि वाटेत त्याला दुकान लागतं. हा फरक मुलाला समजावून सांगा. मॉलमधे माणूस ठरवून जातो, रानडे रोडला माणूस नारळ घ्यायला येतो आणि परकर घेऊन जातो. पहिल्या मजल्यावर हा परकर विकला जात नाही. जागा जास्त देतात म्हणजे त्यांना पण माहितीय की त्या जागेची किंमत काय आहे.

अ‍ॅग्रीमेंटमधे दुकानदार नेहमी एरिया बघतात, मी सांगतो फ्रंटेज बघा. १२ फूट तोंड असेल तर ‘रस्त्यास लागून १२ फूट दर्शनी रुंदी, तळमजला, मधे खांब नाही’ असं शब्दात लिहून घ्या. मधे खांब नाही हे तर दोनदा लिहा. कारण वर पोडियम (पार्किंगच्या मजल्यांचा चौथरा), त्यावर टॉवर, त्याचे कॉलम खाली कुठेतरी उतरणारच आणि ते नेमके मूळ दुकानदाराच्या दारात उतरतात, असं मी इतक्या वेळा बघितलंय की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. दुसरं, पार्किंगचा रॅम्प कुठून निघतो? तुमच्या बाजूने निघत असेल तर दर दोन मिनिटाला एक गाडी फुटपाथ कापून बाहेर येणार, आणि जिथे फुटपाथ कापला तिथे चालणारा माणूस रस्ता ओलांडून समोर जातो. समोर दुसऱ्याचं दुकान.

तिसरं, रस्त्याची रेग्युलर लाइन. महापालिका कायद्याच्या कलम २९७ खाली रस्त्याची रेषा ठरलेली असते, पुनर्बांधणी झाली की बिल्डिंग त्या रेषेच्या मागे जाते, सोडलेल्या जागेचा एफएसआय मालकाला मिळतो, पण दुकान पाच-सात फूट मागे गेलेलं असतं आणि शेजारची जुनी बिल्डिंग अजून पुढेच असते. मग तुमचं दुकान खड्ड्यात पडल्यासारखं. हे टाळता येत नाही, पण माहीत असावं.

खरं म्हणजे यावर मुंबईतच उत्तर सापडलं होतं, शंभरावर वर्षांपूर्वी. फोर्टातला डी. एन. रोड आठवा, तेव्हाचा हॉर्नबी रोड. तिथे इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या धाटणीच्या, पण खाली सगळ्यांना एकच अट, तळमजल्यावर कमानींचा आच्छादलेला पादचारी मार्ग ठेवायचा. वर काय ते करा, घुमट करा नाहीतर मनोरा करा, खाली माणसाला पावसात न भिजता चालता आलं पाहिजे आणि दुकानं त्या कमानींत उघडली पाहिजेत. एवढी एकच अट. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या दुकानांच्या पाट्या कमानींच्या आत, ठरलेल्या मापात बसवायचं काम पण झालं. आता तिथल्या कमानींत चालायला जागा नाही, स्टॉल आहेत, ते वेगळं. पण आपल्या आजच्या नियमावलीत टॉवरच्या उंचीवर, रेफ्युज फ्लोअरवर (आग लागली तर थांबायचा मोकळा मजला), गाड्यांच्या संख्येवर पानंच्या पानं आहेत आणि बाजाराच्या रस्त्यावर तळमजला उघडा, दुकानांचा असावा यावर बोलायला कोणाला सवड नाही.

जाता जाता, फेरीवाल्यांबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी जे लिहिलंय ते मी छापलं नाही. स्टेशनपासून १५० मीटरात फेरीवाले नकोत हा हायकोर्टाचा २०१७ चा आदेश आहे, आणि फेरीवाल्यांना जागा ठरवून द्या हा २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, दोन्हींची अंमलबजावणी सारखीच, म्हणजे नाही. पण ज्या गर्दीवर तुमचं दुकान चालतं ती गर्दी थोडीफार त्यांनीच धरून ठेवलीय, हे तुम्हाला पण आतून माहितीय.

प्रश्न (शनिवार पेठ, पुणे) : आमचा वाडा शनिवारवाड्यापासून चालत तीन मिनिटं. गळतो, भिंती फुगल्यात, पाच भाडेकरू. चुलतभावाचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून पाच मजली बिल्डिंग झाली पण. आम्हाला साधी परवानगी नाही. हा न्याय आहे का?

उत्तर : न्यायाचं राहू द्या, अंतराचं बघू. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, आणि अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घेऊन बांधता येतं. हा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा केंद्राचा कायदा, त्यात पुणे महापालिका काही करू शकत नाही, त्यामुळे नगरसेवकाच्या घरी खेटे घालणं बंद करा. चालत तीन मिनिटं म्हणजे तुम्ही बहुतेक नियंत्रित पट्ट्यात असाल, पण तुमच्या पायावर अवलंबून राहू नका. अंतर दिल्ली दरवाज्यापासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात, ते सरकारी मोजणीने करून घ्या. शंभरच्या आत निघालात तर दुरुस्ती, डागडुजी परवानगीने करता येते, नवी बिल्डिंग नाही.

तसा उंचीचा वाद पुण्याला नवा नाही. असं सांगतात की शनिवारवाडा सगळा दगडात बांधायचा होता, पहिला मजला झाल्यावर साताऱ्याला तक्रार गेली की दगडी वाडा बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, मग वरचं विटांत झालं. खरं-खोटं इतिहासवाल्यांनी बघावं, पण शेजाऱ्याच्या बांधकामाबद्दल वरपर्यंत तक्रार करायची पेठेतली परंपरा जुनी आहे एवढं नक्की.

पण तुमचा वाडा मोकळा झाला तरी मजा पुढे आहे. पेठेतले प्लॉट कसे असतात? तोंडाला वीस फूट आणि आत ऐंशी-नव्वद फूट खोल. मधे दोन्ही बाजूंना १ मीटर साइड मार्जिनची अट आली तेव्हा अशा वीस फुटांतले साडेसहा फूट गेले, राहिले साडेतेरा, त्यात जिना काढा, लिफ्ट काढा, मग खोली काय आडवी टाकणार का उभी? कितीतरी वाड्यांची कामं त्या एका मीटरपायी बसून राहिली. नियम वाईट नव्हता, हवा-उजेड पाहिजेच, पण तो नियम मोकळ्या प्लॉटवर बसून लिहिलेला होता. पेठेत हवा बाजूने यायचीच नाही, ती मधल्या चौकातून यायची. वाड्याचा चौक म्हणजे काय नुसती शोभा नव्हती, तुळस आणि पाणी तापवायचा बंब. दोन्ही बाजूंना तीन फुटांचे बोळ सोडण्यापेक्षा दोन-तीन वाड्यांनी मिळून मधे एक चांगला चौक ठेवला तर? माझं मत विचाराल तर युनिफाइड नियमावली २०२० ला आली तेव्हा पेठांसाठी हे वेगळं लिहायला हवं होतं. सगळ्या राज्याला एक नियम हे ऐकायला बरं वाटतं, पण कसबा पेठ आणि वाकड यांना एकाच फुटपट्टीने मोजलं की दोन्हीकडे काहीतरी वाकडंच होतं.

आणि हो, मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरात ४ पर्यंत एफएसआय, असं तुमच्या भाडेकरूंनी तुम्हाला सांगितलंय म्हणता, ते अर्धवट आहे. तो रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. तुमच्या बोळात रिक्षा आली की स्कूटरवाल्याला मागे जावं लागतं, तिथे ४ कुठून आणणार.

प्रश्न (नारायण पेठ, पुणे) : लक्ष्मी रोड कायमचा वॉकिंग प्लाझा करावा असं मला वाटतं. आमचे दुकानदार मेहुणे म्हणतात धंदा बसेल. दिवाळीला घरात यावरून जेवण थंड झालं. कोण बरोबर?

उत्तर : मेहुण्यांना एक विचारा, त्यांच्या दुकानासमोर ज्या गाड्या लागतात त्या गिऱ्हाइकांच्या किती आणि दुकानदारांच्या स्वतःच्या किती? सम-विषम पार्किंग असताना सकाळी दहाला जी गाडी लागते ती रात्री नऊला निघते, ती काय साडी घ्यायला आलेल्या बाईची नसते. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते, २०२१ पासून, तेव्हा काही तासांसाठी लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी मी मुद्दाम मुंबईहून आलो होतो एका वर्षी, आणि जे बघितलं ते सांगतो, लोक रस्त्याच्या मधून चालत होते आणि वर बघत होते. जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या, लाकडी कठडे, नक्षी. एरवी लक्ष्मी रोडवर वर बघून चाललात तर पायावरून टू-व्हीलर जाते.

पण मेहुण्यांचं पण सगळंच चूक नाही. एक दिवस उत्सव करणं वेगळं आणि तीनशे पासष्ट दिवस माल कसा उतरवायचा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पेशंटला रिक्षात कसं बसवायचं, लक्ष्मी रोड बंद झाल्यावर तीच वाहतूक कुमठेकर रोड आणि केळकर रोडला किती बसणार, याचं उत्तर द्यावं लागतं. सकाळी अकरापर्यंत मालाच्या गाड्या, मग गाड्या बंद, राहणाऱ्यांना पास, असं काहीतरी. मंडई मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला चालू झाली, स्टेशन रस्त्यापासून चालत जवळ आहे, बाबू गेनू पार्किंग आहे, म्हणजे पूर्वी ‘येणार कसे’ हा जो प्रश्न होता तो आता तेवढा राहिला नाही. मला विचाराल तर आधी आठवड्यातून एक दिवस करा, दर रविवारी, वर्षभर. मेहुण्यांना गल्ल्याचा हिशोब ठेवायला सांगा आणि पुढच्या दिवाळीला जेवायच्या आधी तो मागा.

प्रश्न (परळ) : आमच्या तीन मजली चाळीच्या अगदी शेजारी ४० मजली टॉवर येतोय. सकाळचं ऊन गेलं. आम्हाला उजेडाचा काही हक्क असतो का?

उत्तर : कागदावर असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड मिळालेला उजेड-वारा हा हक्क होऊ शकतो. पण कोर्टात ‘ऊन कमी झालं’ एवढ्याने भागत नाही, मोठं नुकसान दाखवावं लागतं, आणि तोपर्यंत टॉवरची पूजा होऊन लोक राहायला आलेले असतात. त्यामुळे बांधकाम चालू असतानाच मंजूर प्लॅन माहितीच्या अधिकारात काढा आणि दोघांच्या मधे किती मीटर मोकळं सोडलंय ते टेपने मोजा, फायर इंजिन फिरायला ६ मीटर मोकळं आहे का ते आधी. कागदावरचं अंतर जागेवर सापडलं नाही तर तिथे तुमची तक्रार वजनदार होते, उन्हाच्या तक्रारीपेक्षा खूप जास्त.

एक जुनी गोष्ट सांगतो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांनी माणसं मेली हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या अभियंत्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला, खोलीच्या पायथ्यापासून त्या कोनात रेघ काढायची, समोरच्या इमारतीने ती रेघ तोडायची नाही. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं अंतर मधे. आज ४० मजले म्हणजे १२५-१३० मीटर धरा, म्हणजे साठेक मीटर मोकळं. परळमधे कोण सोडणार साठ मीटर. पण हा नियम मला आवडतो कारण त्यात उंचीला बंदी नव्हती, फक्त म्हणणं होतं की जेवढं वर जाल तेवढं मागे सरका.

प्रश्न (हॅरो, लंडन) : इथे सेंट पॉल्स कॅथेड्रल दिसावं म्हणून इमारतींची उंची ठरते. आपल्याकडे असं कोणी का करत नाही? आपल्याकडे प्लॅनिंगच नाही का?

उत्तर : करतात हो, मुंबईत कमला नेहरू पार्कमधून चौपाटी दिसावी म्हणून खालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन घातलेलं होतं, मरीन ड्राइव्हची एकसारख्या उंचीची आर्ट डेको रांग २०१८ ला जागतिक वारसा यादीत गेली, आणि पुण्यात डोंगरमाथा-डोंगरउतारावर बांधायला मनाई आहे. नियम आहेत, ते टिकवताना दम लागतो.

तुमच्याकडचं कौतुक मलाही आहे. १९३० च्या दशकापासून सेंट पॉल्सची दृश्यं राखलीत, आणि लेडनहॉल स्ट्रीटवरचा तो २२५ मीटरचा टॉवर एका बाजूने तिरका कापलाय तो फ्लीट स्ट्रीटवरून घुमट दिसावा म्हणून, लोक त्याला चीजची किसणी म्हणतात. पण तुमच्या हॅरोच्या मुख्य रस्त्यावर दुकानाचं ऑफिस करायला सप्टेंबर २०२० पासून परवानगी लागत नाही, कारण दुकान, कॅफे, ऑफिस सगळं एका वर्गात टाकलं, आणि पुढच्याच वर्षी त्याचं घर करणंही सोपं केलं. म्हणजे पंधरा किलोमीटरवरून घुमट दिसावा म्हणून जीव टाकतात आणि कोपऱ्यावरचा वाणी गेला तरी कौन्सिलला फारसं काही करता येत नाही. दूरचं दिसतं, पायाखालचं नाही, हे काही फक्त आपल्याकडेच नाही बघा.

प्रश्न (ठाणे, गोखले रोड) : दुकानाची इंग्रजी पाटी बारा वर्षं जुनी, ती बदलावीच लागेल का?

उत्तर : हो. दुकानांच्या कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती, मराठी आधी आणि अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या सप्टेंबरमधे दोन महिने दिले होते, ते कधीच संपले. बदलताय तर एक विनंती, नवी पाटी दोन दुकानांच्या मधल्या खांबावर आणि वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीवर चढवू नका. त्या खिडकीत माणसं राहतात.

प्रश्न (फणसवाडी) : आम्ही चाळीच्या मंडळाचे कार्यकर्ते. गणपती मधल्या पटांगणात बसतो. नव्या प्लॅनमधे ‘पोडियम गार्डन’ दाखवलंय, तिथे बसवा म्हणतात. करावं का?

उत्तर : केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ ला सार्वजनिक गणपती बसला तो पटांगण होतं म्हणून. तेव्हा प्रश्न भावनेचा नाही, नकाशाचा आहे. दादरच्या जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरच्या केसमधे डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नियमातली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर गवत लावून ती भरून निघत नाही. तेव्हा आर्किटेक्टला विचारा, जमिनीवरची जागा किती आणि नकाशात कुठे, आणि ती गाड्या फिरायच्या रस्त्यात तर मोजलेली नाही ना. ‘आर.जी. (मोकळं पटांगण) वर आहे’ असं उत्तर आलं की समजायचं, खाली नाही. सहीच्या आधी हे मागितलंत तर मिळेल, नंतर तुम्ही वर्गणी मागायला गेल्यासारखे.

आणि पोडियमवर बसवायची वेळ आलीच तर रॅम्पचं छत आधी टेपने मोजून घ्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळाची मूर्ती मुकुटासकट नऊ फूट आणि रॅम्पला क्लिअर हाइट साडेसात, मग ढोल वाजवत आलेला गणपती गेटबाहेर फुटपाथवर बसला, वरून लोक फोटो काढत होते, आणि दहा दिवस तिथेच राहिला.